जुलाबाचं औषध, मूळव्याधीचं मलम आणि आप्पांची पिशवी : एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून गावाचा उल्लेख टाळला आहे, वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. लिहिणारा तालुक्याच्या गावातला फार्मासिस्ट आहे, त्यामुळे सगळं काउंटरच्या या बाजूने दिसलं तसं मांडलं आहे.

पार्श्वभूमी

आप्पा, वय 67. चोपडा-यावल पट्ट्यात थोडी केळी, थोडा कापूस. मूळव्याध तरुणपणापासूनची. उन्हाळ्यात डोकं वर काढायची, पावसाळ्यात बसायची. त्यासाठी आप्पांनी कधी डॉक्टर गाठला नव्हता.

एका ऑक्टोबरात छातीत दुखून आलं. जळगावला अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट टाकला, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, जिच्यात गुठळी होऊ द्यायची नसते. घरी आले ते गोळ्यांची यादी घेऊनच. रक्त पातळ राहावं म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, हृदयावरचा ताण कमी करणारं मेटोप्रोलॉल, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 व क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी. क्लोरथॅलिडोन हे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध आहे. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन 1.1 लिहिलेलं होतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तातला हा आकडा वाढतो. हा आकडा पुढे फार कामी आला.

दवाखान्यातून निघताना कुणीतरी सांगितलं, "तेलकट-तिखट बंद." घरच्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. शेवभाजी बंद झाली ते ठीकच. पण भरीतही बंद, कारण वांग्याने मूळव्याध उठते अशी आपल्याकडे पक्की समजूत. भरीत नाही तर सोबतची कळण्याची भाकरी कशाला, म्हणून तीही गेली. ज्वारी आणि अख्ख्या उडदाची ती भाकरी म्हणजे आप्पांच्या ताटातला चोथ्याचा सगळ्यात मोठा वाटा होता. उरलं काय, तर वरण-भात आणि चहासोबत खारी-टोस्ट. त्यात शेतावरची पायपीट थांबलेली. दोन महिन्यांत पोट साफ होईना. तीन-तीन दिवस झाडा नाही, झाला तर खडा.

मग औषधं येत गेली, प्रत्येक वेळी वेगळ्या दारातून. भावकीतल्या एकाने चूर्ण सुचवलं. तेवढ्याने भागेना म्हणून गावातल्या डॉक्टरांनी रात्री घ्यायचं जुलाबाचं पातळ औषध दिलं. मार्चमध्ये रक्त पडू लागलं, हिमोग्लोबिन 9.2 आलं, लोहाची गोळी सुरू झाली. एप्रिलमध्ये "मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन इलाज" अशी पाटी असलेल्या एका दवाखान्यातून मलम आणि तीन प्रकारच्या गोळ्या आल्या. तिथे स्टेंटबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मूळव्याधीच्या डॉक्टरला हृदयाचं कशाला सांगायचं म्हणून आप्पांनीही सांगितलं नाही.

समस्या

मे महिन्यातली दुपार, बाहेर पारा 44 च्या वर. आप्पांचा मुलगा दुकानात आला. हातात पातळ औषधाची बाटली आणि मलमाची ट्यूब. म्हणाला, "भाऊ, हे जुलाबाचं आणि हे मलम सोबत चालतं का? दोन्ही चालू आहेत, पण खाज वाढतच चाललीय."

या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे: चालतं. मोबाइलवरच्या औषध तपासणीच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये ही दोन नावं टाकली तर काही अडचण दिसत नाही. बाटलीतला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, लिक्विड पॅराफिन आणि सोडियम पिकोसल्फेट आतड्यात काम करतात. ट्यूबमधलं लिग्नोकेन, स्टेरॉइड आणि फेनिलएफ्रिन जागेवर लागतं. अंगात थोडंच शिरतं.

हे उत्तर देऊन मुलाला वाटेला लावता आलं असतं. उत्तर खरंच ठरलं असतं, आणि निरुपयोगीही. अशी तपासणी जोडीने करायची पद्धत पडली आहे: हे औषध आणि ते औषध, वैर आहे की नाही. पण माणूस दोन औषधं घेत नसतो. जो धोका असतो तो बहुतेकदा विचारलेल्या जोडीच्या बाहेर बसलेला असतो.

मुलाला सहज विचारलं, "बाकी तब्येत कशी आहे?" तेव्हा कळलं की रात्री मांड्या-पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना चक्कर येते, लघवी कमी होते. गोळे कोलेस्टेरॉलच्या गोळीने येतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, ती गोळी बंद करायच्या विचारात होता. पहिला निर्णय इथे घ्यायचा होता. मलमावर बोलणं थांबवलं आणि त्याला सांगितलं: घरात औषध म्हणून जे जे आहे ते एका पिशवीत घाल, पुड्या-बाटल्या-चूर्ण काही सोडू नकोस, आणि आप्पांनाही घेऊन ये. ऊन उतरल्यावर दोघं आले.

पिशवीत काय निघालं

काउंटरवर सगळं मांडल्यावर आप्पाच म्हणाले, "आते कितल्या गोया खाऊ मी? एक झाडा व्हवाले, एक रगत थांबाडाले." औषधांचा इतका नेमका आढावा एरवी कुणी घेत नाही.

आधी पोट साफ करणारी औषधं. चूर्णाच्या डब्यावर सोनामुखी, हरडे, संचळ आणि ओवा असं छापलेलं. आप्पा रात्री दोन चमचे घेत. सोनामुखी आतड्याला चाळवून ढकलते, बाटलीतलं सोडियम पिकोसल्फेटही तेच करतं. नावं वेगळी, काम एकच, म्हणजे मात्रा दुप्पट. परिणाम असा की एका रात्रीत पाच-सहा वेळा उठायचं, आतडं पूर्ण रिकामं व्हायचं, आणि पुढचे दोन-तीन दिवस झाडा नाही. रिकाम्या आतड्यात पुन्हा काही जमायला तेवढा वेळ लागतोच. घरच्यांना मात्र ती बद्धकोष्ठता वाटायची आणि पुन्हा दोन चमचे. शिवाय संचळ म्हणजे मीठच, रक्तदाबाच्या माणसाला रोज रात्री. कुणीतरी सांगितलं म्हणून इसबगोलही होतं, अर्धा कप दुधात. इसबगोल पाणी ओढून फुगतं. त्याला पेलाभर पाणी आणि वर अजून पाणी लागतं, नाहीतर तेच आतड्यात बोळा होऊन बसतं. मे महिन्यात, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असताना, अर्ध्या कपात काही भागत नाही.

आता खाजेचं. लिक्विड पॅराफिन पचत नाही, फारसं शोषलंही जात नाही, आणि जास्त झालं की नकळत खाली झिरपतं. कातडी सतत तेलकट-ओलसर राहते, खाज सुटते. आप्पांना वाटलं मूळव्याध वाढली, म्हणून मलम जास्त. मलम त्या तेलकट जागी टिकायचं नाही, म्हणून अजून मलम. स्टेरॉइड असलेलं हे मलम साधारण आठवडाभरापुरतं असतं. आप्पा महिन्याहून जास्त काळ दिवसातून चारदा लावत होते. त्याने कातडी पातळ होते, बुरशी बसते, मग चुरचुर आणि पुन्हा खाज. म्हणजे मुलाच्या मूळ प्रश्नात तथ्य होतं. बाटली आणि ट्यूब यांचा संबंध होता, फक्त कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो "वैर" म्हणून दिसत नाही.

पाटीवाल्या दवाखान्याच्या तीन गोळ्यांपैकी डायोस्मिन-हेस्पेरिडिनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मूळव्याधीच्या रक्तस्रावात ती सर्रास देतात आणि आप्पांच्या यादीत तिचा कुणाशी ठळक तंटा नव्हता. उरलेल्या दोन बघून मात्र हात थांबला.

एक, दुखण्यासाठी अ‍ॅसेक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाला ती मुळातच वर्ज्य. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत, पोटाच्या संरक्षणाची गोळी न देता, म्हणजे जठरातून रक्त जाण्याची सोय. आणि तिसरा धोका मूत्रपिंडाचा. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आत आणणारी नळी असते आणि बाहेर नेणारी असते. अ‍ॅसेक्लोफेनॅकसारखी औषधं आतली नळी आवळतात, टेल्मिसार्टन बाहेरची सैल करतं. गाळणीतला दाब दोन्ही बाजूंनी पडतो. त्यावर क्लोरथॅलिडोन, रात्रीचे जुलाब आणि उन्हाळा मिळून अंगातलं पाणीच कमी करतात. लघवी कमी होण्याचा अर्थ इथे लागत होता. असं झालं असेल तर बाटलीतलं मॅग्नेशियमही अंगात साचणार, कारण ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच.

दोन, रक्त थांबवणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी. ती रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. सात महिन्यांपूर्वी स्टेंट पडलेल्या माणसाच्या पिशवीत ही गोळी असणं हीच बातमी. तीही मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणजे ते मंदावलं तर जास्त साचते. खोदून विचारल्यावर आणखी एक निघालं: रक्त थांबेना म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आप्पांनी दोन दिवसांपासून रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या होत्या. गुठळी होऊ न देणारी बंद, गुठळी टिकवणारी चालू.

पर्याय आणि त्यांची तोलामोल

सगळं बंद करून "डॉक्टरांकडे जा" म्हणणं सोपं होतं. पण पिशवीतला अर्धा भाग स्टेंटसाठी होता, आणि "सगळं बंद" हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. नुसतं चूर्ण आणि मलम थांबवून इसबगोल पाण्यातून घ्यायला सांगणं हेही शक्य होतं. त्याने खाज कमी झाली असती, मूत्रपिंड आणि स्टेंट तसेच राहिले असते.

अधिकाराचा प्रश्नही होता. डॉक्टरने लिहिलेली गोळी बदलणं किंवा बंद करणं फार्मासिस्टच्या हातात नाही. रुग्णाशी बोलणं, धोका समजावणं आणि डॉक्टरला कळवणं हे मात्र 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार त्याचं कामच आहे. म्हणून वाटणी अशी केली. स्वतःहून घेतलेलं चूर्ण आजच थांबवा असं आम्हीच सांगायचं. चिठ्ठीवरच्या गोळ्यांसाठी आप्पांसमोरच फोन लावायचे.

केळ्यांचा मुद्दा मुलाने काढला. जुलाब आणि क्लोरथॅलिडोन, दोन्हींमुळे अंगातलं पोटॅशियम बाहेर जातं. गोळे ते कमी झाल्याने येत असावेत असं आम्ही म्हणालो, तर तो म्हणाला, "घरात घड लटकलेत, रोज चार-पाच खाऊ द्या की." प्रश्न अगदी वाजवी. पण मूत्रपिंड मंदावलेलं असेल आणि टेल्मिसार्टन चालू असेल तर पोटॅशियम उलट साठूही शकतं. ते कमी आहे की जास्त हे लक्षणांवरून ओळखायला जाऊ नये, कारण अशक्तपणा दोन्हीत येतो. रिपोर्ट येईपर्यंत केळी नेहमीइतकीच, हे ठरलं. केळीच्या पट्ट्यात हे पटवणं जड गेलं.

काय केलं

पहिला फोन जळगावच्या हृदयरोगतज्ज्ञांना. दोन वाक्यांत: स्टेंटला सात महिने, दोन्ही गोळ्या दोन दिवस बंद, ट्रॅनेक्झॅमिक चालू, मूळव्याधीचं रक्त. त्यांचं उत्तर तितकंच थोडक्यात होतं. दोन्ही गोळ्या आत्ता सुरू करा, ट्रॅनेक्झॅमिक आणि अ‍ॅसेक्लोफेनॅक बंद, सोबत पोटाच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्राझोल द्या, छातीत दुखलं किंवा रक्ताची धार लागली तर थांबू नका, निघा. त्याच जातीचं ओमेप्राझोल नको, कारण ते क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतं. आप्पांना छातीचा त्रास नव्हता, नाडी-रक्तदाब हाताबाहेर नव्हते, म्हणून तेव्हाच जळगावला हलवलं नाही. या एका निर्णयावर मतभेद होऊ शकतो. गावातल्या डॉक्टरांनी संध्याकाळीच तपासलं आणि रक्त रात्रीच लॅबला गेलं, एवढ्या आधारावर तो घेतला गेला.

रिपोर्ट आले. पोटॅशियम 3.1 (खालची मर्यादा 3.5), क्रिएटिनिन 1.7 (डिस्चार्जच्या वेळी 1.1), हिमोग्लोबिन 8.9. स्नायूंच्या इजेसाठी पाहतात ते सीपीके ठीक, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी निर्दोष. पोटॅशियम कमी झालं की आतड्याची हालचालही मंदावते. जुलाबाच्या औषधानेच बद्धकोष्ठता वाढवली होती, हे इथे कागदावर दिसलं.

डॉक्टरांनी पातळ औषध बंद केलं. क्लोरथॅलिडोन वगळून काही दिवस वेगळी रक्तदाबाची गोळी दिली, टेल्मिसार्टनही क्रिएटिनिन उतरेपर्यंत थांबवलं. पोटॅशियमचं औषध मोजून तीन दिवस, मग पुन्हा चाचणी. पोट साफ होण्यासाठी फक्त लॅक्ट्युलोज, रात्री 15 मिली. लॅक्ट्युलोजला एक-दोन दिवस लागतात, पोटात गॅसही होतो. हे आधी सांगितलं नाही तर लोक दुसऱ्याच रात्री चूर्णाच्या डब्याकडे वळतात. लोहाची गोळी दिवसाआड केली. त्याने पोटाला त्रास कमी होतो आणि लोह शोषलंही चांगलं जातं.

मलमाऐवजी दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसणं, साबण न लावता धुणं, टिपून कोरडं करणं. आप्पांचा पहिला प्रश्न, "मीठ-तुरटी काही टाकायचं का?" नाही, साधं पाणी.

इसबगोल पंधरवड्यानंतर, सकाळी, पेलाभर पाण्यात, बाकी गोळ्यांपासून दोन तास दूर. आम्ही गोळ्यांचा एकच तक्ता करून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावायला दिला. त्यात सगळ्यात वर लाल अक्षरात: स्टेंट, ऑक्टोबर.

एक गोष्ट अजून बाकी होती. वय 67, हिमोग्लोबिन नऊच्या खाली, रक्त पडतंय. मूळव्याध जुनी आहे म्हणून रक्त मूळव्याधीचंच, हे गृहीत धरणं खान्देशातच काय, कुठेही महागात पडतं. शिवाय लोहाने झाडा काळा होतो, त्याखाली जठरातलं रक्त लपून राहू शकतं. म्हणून वरून जठराची आणि खालून आतड्याची (कोलोनोस्कोपी) अशी दोन्ही बाजूंनी दुर्बीण तपासणी ठरली, पण क्रिएटिनिन उतरल्यावर. कारण कोलोनोस्कोपीच्या आधी आतडं रिकामं करायला दिलं जातं तेही जुलाबाचंच औषध. सोडियम फॉस्फेटच्या तयारीने मूत्रपिंडाला इजा होते, विशेषतः वयस्कर आणि टेल्मिसार्टनसारखी किंवा पाणी काढणारी औषधं घेणाऱ्या माणसांत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच तसा ठळक इशारा दिला होता. जळगावच्या डॉक्टरांना तक्ता पाठवला, त्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची तयारी वापरली. नुसती पाहणी असल्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालूच ठेवल्या.

परिणाम

पायांत गोळे येणं आठवड्यात थांबलं, पोटॅशियम 4.2 वर आलं. क्रिएटिनिन तीन आठवड्यांत 1.2. खाज सगळ्यात हट्टी निघाली. मलम थांबवल्यावर पहिले दिवस वाढलीच, बुरशीचं औषध लागलं, मग जूनअखेर गेली. तपासणीत जठरात भरत आलेले छोटे व्रण आणि दुसऱ्या पायरीची मूळव्याध सापडली. आतड्यात बाकी काही नाही. म्हणजे सगळं रक्त मूळव्याधीचं नव्हतं. हिमोग्लोबिन ऑगस्टमध्ये 11.4.

कळण्याची भाकरी परत आली. भरीतही आलं, तेल-मिरची बेताने. वांग्याबद्दल आप्पांच्या पत्नी अजून साशंक आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

स्टेंट टाकून घरी पाठवताना हालचाल कमी होणार, खाणं बदलणार, बद्धकोष्ठता येणार, हे ठरलेलंच असतं. डिस्चार्ज कार्डावर "पोट साफ होत नसेल तर हे घ्या, हे घेऊ नका" अशी एक ओळ असती तर चूर्णाला दार उघडलं नसतं. दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही तसंच. "वेदनाशामक टाळा" असं छापलेलं असतं, पण मूळव्याधीच्या चिठ्ठीवर आलेली गोळी वेदनाशामक आहे हे रुग्णाला कसं कळणार?

जानेवारीत पातळ औषध लिहिताना "आधीपासून काय घेता?" यापेक्षा "चूर्ण, काढा, घरगुती काय घेता?" असं विचारायला हवं होतं. आपल्याकडे चूर्णाला कुणी औषध समजत नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे "काही नाही" असंच येतं. पाणी काढणारी गोळी चालू असताना जुलाब लागले तर ती गोळी त्या दिवशी घ्यायची का, हेही उन्हाळ्याआधी डॉक्टरांनी रुग्णाला सांगून ठेवलेलं बरं. आमच्याकडे आता मार्चपासून हा प्रश्न काउंटरवर विचारला जातो.

मूत्रपिंडाला झालेली इजा औषधांमुळे असावी, म्हणून तिची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे केली. फॉर्म मराठीतही मिळतो, मोफत क्रमांक 1800-180-3024. नोंदीत चूर्णाचं नाव घातलं, कारण नेमकं तेच गाळलं जातं.

ऑक्टोबरात स्टेंटला वर्ष झालं. हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवून अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं, आणि दिवाळीनंतर सर्जननी मूळव्याधीच्या कोंबांना रबर बँड लावले. बँड लावलेल्या आठवड्यात खडा होऊ नये म्हणून लॅक्ट्युलोज पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी मुलगा चिठ्ठी घेऊन आला, तेव्हा दारावरचा तक्ताही काढून सोबत आणला होता.